फिनली पीटर डन

फिनली पीटर डन (जन्म : १० जुलै, १८६७, शिकागो, मृत्यू : २४ एप्रिल, १९३६, न्यू यॉर्क) हे अमेरिकन पत्रकार, संपादक आणि विनोदी लेखक होते. शिकागोतील ‘इव्हनिंग पोस्ट’ या वृत्तपत्रातून १८९३ पासून त्यांनी लिहिलेल्या सदरातील मिस्टर डूली हे पात्र पुढे साऱ्या अमेरिकेत घरोघरी परिचित झाले. आयर्लंडहून आलेला, दारूचा गुत्ता चालवणारा हा वयस्कर ब्रह्मचारी आपल्या गिऱ्हाइकाशी गप्पा मारतो आणि त्या गप्पांत गल्लीपासून राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानापर्यंत सर्वांचा समाचार घेतो, असे या सदराचे स्वरूप होते. डन यांनी असे ७०० हून अधिक लेख लिहिले. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लेख ८ पुस्तकांत संगृहीत झाले. लेखकाच्या हयातीत ही पुस्तके गाजली ती राष्ट्रीय राजकारणावरील लेखांमुळे. आज मात्र डन यांची थोरवी मुख्यतः शिकागोच्या गरीब वस्तीवर लिहिलेल्या आरंभीच्या लेखांवर उभी आहे, आणि त्यांतील बरेचसे लेख त्यांनी स्वतः पुस्तकांत घेतलेच नव्हते.

बालपण आणि शिक्षण

डन यांचे आईवडील आयर्लंडमधून अमेरिकेत स्थलांतरित झालेले होते. वडील पीटर डन हे सुतार होते व पुढे लाकडाच्या व्यापारात पडले. घरची स्थिती श्रीमंतीची नसली तरी खाऊनपिऊन सुखी होती. शिकागोच्या पश्चिम भागातील सेंट पॅट्रिक चर्चच्या परिसरात हे कुटुंब राहत असे. जन्मतः मुलाचे नाव वडिलांचेच, म्हणजे पीटर, ठेवण्यात आले होते. फिनली हे आईचे माहेरचे आडनाव. आईच्या मृत्यूनंतर त्यांनी ते आपल्या नावात घेतले आणि काही काळाने पहिल्या स्थानावर आणले. त्यांच्याबरोबर जन्मलेले जुळे भावंड तान्हेपणीच दगावले.

आई एलन यांना वाचनाची आवड होती. डिकन्स, स्कॉट आणि थॅकरे यांच्या कादंबऱ्यांची गोडी मुलाला त्यांच्यामुळे लागली. मुलगा शाळेत असतानाच त्या क्षयाने वारल्या. त्यानंतर थोरली बहीण अमेलिया हिने त्याच्याकडे लक्ष पुरवले. ती शिक्षिका होती व पुढे मुख्याध्यापिका झाली. मुलगा हुशार आहे हे घरात सर्वांना ठाऊक होते, परंतु अभ्यासात त्याचे मन रमले नाही. १८८४ मध्ये तो हायस्कूलची परीक्षा उत्तीर्ण झाला तेव्हा ५० विद्यार्थ्यांच्या वर्गात त्याचा क्रमांक शेवटचा होता. पुढील शिक्षणाचा विषय तेथेच संपला आणि त्याच वर्षी, वयाची १७ वर्षेही पुरी झालेली नसताना, तो ‘टेलिग्राम’ नावाच्या एका वृत्तपत्रात कामाला लागला.

पत्रकारितेतील प्रवेश

डन ज्या शहरात लहानाचे मोठे झाले ते शहर त्यांच्याबरोबरच, किंबहुना त्यांच्यापेक्षा वेगाने, वाढत होते. १८७० मध्ये शिकागोची लोकसंख्या सुमारे ३ लाख होती. १८७१ च्या भीषण आगीत शहराचा मोठा भाग भस्मसात झाला, तरी १८९० मध्ये ती ११ लाखांच्या घरात गेली. रेल्वे, कत्तलखाने, पोलादाचे कारखाने आणि धान्याचा बाजार यांच्या ओढीने आयरिश, जर्मन, पोलिश, बोहेमियन असे नाना देशांचे लोक येथे येऊन राहिले होते. वृत्तपत्रांची संख्या मोठी होती, त्यांच्यात चुरस होती आणि तरुण वार्ताहराला एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत अधिक पगारावर जाणे सोपे होते. डन यांनी ही संधी पुरेपूर वापरली. पोलीस चौक्या, न्यायालये, बेसबॉलचे सामने, नगरपालिकेच्या सभा अशी सर्व प्रकारची बातमीदारी करीत ते वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी ‘शिकागो टाइम्स’चे शहर संपादक झाले. पुढे आणखी दोन-तीन वृत्तपत्रांत काम करून १८९२ मध्ये ते ‘इव्हनिंग पोस्ट’च्या अग्रलेख विभागात दाखल झाले.

याच काळात ते ‘व्हाइटचॅपल क्लब’ या पत्रकारांच्या मंडळाचे सदस्य होते. लंडनमधील कुप्रसिद्ध खूनसत्राच्या वस्तीवरून नाव घेतलेल्या या क्लबात शवपेटीच्या आकाराचे मेज होते आणि भिंतींवर कवट्या मांडलेल्या होत्या. थट्टामस्करीच्या या अड्ड्यात ढोंगाला क्षमा नसे. डन यांच्या जिभेला आणि लेखणीला धार येण्यास येथील रात्रींचा हातभार लागला असावा.

मिस्टर डूलीचा जन्म

‘पोस्ट’मध्ये रुजू झाल्यावर डन यांची मेरी आइव्ह्ज ॲबट या लेखिकेशी ओळख झाली. त्या पुस्तक परीक्षणे लिहीत असत. वयाने मोठ्या असलेल्या या विदुषीने तरुण सहकाऱ्याचे गुण ओळखले आणि त्याला सुसंस्कृत वर्तुळात आणले. बोलीभाषेतील विनोदी लेखन त्याने गांभीर्याने करावे, असे उत्तेजनही तिने दिले.

त्या वेळी शिकागोच्या डिअरबॉर्न स्ट्रीटवर जेम्स मॅकगॅरी या आयरिश गृहस्थाचे मद्यगृह होते. तेथे पत्रकारांची ऊठबस असे. मॅकगॅरी यांच्या बोलण्यातील भारदस्त मिस्कीलपणा डन यांना फार आवडे. १८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले असता डन यांनी या मालकावर बेतलेले कर्नल मॅकनीरी नावाचे पात्र उभे केले. हा कर्नल प्रदर्शनात फेरफटका मारून येतो आणि तेथील नवलाईवर भाष्य करतो, अशी ही लेखमाला होती. ती इतकी लोकप्रिय झाली की रस्त्याने जाणारेयेणारे मॅकगॅरी यांनाच कर्नल म्हणून हाक मारू लागले. त्या भल्या माणसाला हे रुचले नाही. त्यांनी वृत्तपत्राच्या मालकांकडे तक्रार केली आणि पात्राचे नाव बदलण्याचा हुकूम आला.

डन यांनी नुसते नाव बदलले नाही. कर्नल मॅकनीरीची त्यांनी आयर्लंडला पाठवणी केली आणि ७ ऑक्टोबर १८९३ रोजी त्याच्या जागी मार्टिन डूली याला आणले. हा बदल वरवर दिसतो त्याहून पुष्कळ खोल होता. मॅकनीरीचे दुकान शहराच्या मध्यभागी होते आणि त्याचे गिऱ्हाईक पत्रकार, वकील, नट असे होते. डूलीचा गुत्ता मात्र ब्रिजपोर्टमध्ये, आर्चर ॲव्हेन्यू या रस्त्यावर होता. तेथील लोक या रस्त्याला आर्ची रोड म्हणत. शिकागोला मिसिसिपी नदीच्या खोऱ्याशी जोडणारा कालवा १८३६ ते १८४८ या काळात खोदण्यात आला तेव्हा कामावर आलेले आयरिश मजूर या भागात स्थायिक झाले होते. त्यांची मुले पोलाद गिरणीत व कत्तलखान्यांत राबत होती, कोणी पोलीस किंवा अग्निशामक दलात गेले होते, कोणी राजकारणात. एका तक्रारीमुळे डन यांना विनोदी पात्राऐवजी अख्खी वस्ती हाती लागली.

डूली रॉसकॉमन परगण्यातून आलेला, साठी उलटलेला, अविवाहित. शाळेची पुस्तके त्याने फारशी वाचलेली नाहीत, वृत्तपत्र मात्र अथपासून इतिपर्यंत वाचतो. प्रारंभी त्याचा श्रोता जॉन मॅकेना हा होता. ब्रिजपोर्टसारख्या डेमोक्रॅट पक्षाच्या बालेकिल्ल्यात राहणारा रिपब्लिकन म्हणून हा खराखुरा गृहस्थ शहरात प्रसिद्ध होता. काही काळाने त्याची जागा हेनेसी या काल्पनिक पात्राने घेतली. हेनेसी गिरणीत कामाला आहे, पोराबाळांनी घर भरलेले आहे आणि स्वभावाने तो सरळ व भाबडा आहे. जगात जे छापले जाते ते खरे, अशी त्याची समजूत; डूलीचा कशावरच विश्वास नाही. या जोडीखेरीज धर्मगुरू फादर केली, पुस्तके वाचणारा होगन, डॉक्टर ओलिअरी, पलीकडचा जर्मन गुत्तेवाला श्वार्ट्झमाइस्टर अशी माणसे वारंवार बोलण्यात येतात. ती प्रत्यक्ष दिसत नाहीत, पण काही महिने सदर वाचणाऱ्याला ती शेजारपाजारची वाटू लागतात.

बोलीचा आडोसा

डूली बोलतो ती इंग्रजी आयरिश उच्चारांची आहे आणि डन यांनी ती उच्चारानुसार लिहिली आहे. शब्दांचे वर्णलेखन प्रमाण इंग्रजीहून इतके निराळे आहे की डोळ्यांनी वाचणारा अडखळतो. मोठ्याने वाचले की मात्र अर्थ सहज लागतो. डन स्वतः अशा ढंगात बोलत नसत.

या बोलीमागे एक व्यावहारिक हिशेबही होता. ‘पोस्ट’ने त्या वर्षांत नगरपालिकेतील लाचखोर सभासदांविरुद्ध मोहीम उघडली होती. ट्रामगाड्यांचे व गॅसचे परवाने पैसे घेऊन वाटले जात होते. एखाद्या सभासदाला अग्रलेखात चोर म्हटले तर अब्रुनुकसानीचा खटला उभा राहण्याची भीती होती. तेच शब्द गमतीदार आयरिश म्हाताऱ्याच्या तोंडी घातले तर खटला भरणाराच हास्यास्पद ठरला असता, असे डन यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. रंगभूमीवर आणि व्यंगचित्रांत त्या काळी आयरिश माणूस दारुडा, भांडखोर व मूर्ख असा रंगवला जाई. डन यांनी तोच वेष घेतला आणि आतला माणूस बदलला. डूलीला हसायला आलेला वाचक थोड्याच वेळात डूलीच्या बाजूने जगाला हसू लागतो.

शिकागोची वर्षे (१८९३-१८९८)

जागतिक प्रदर्शनाचे दिवे विझतात न विझतात तोच अमेरिकेत मोठी मंदी आली. शिकागोत हजारो लोक बेकार झाले. १८९४ मध्ये रेल्वेचे डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमन यांच्या कारखान्यात मजुरी कापली गेली, परंतु कंपनीच्याच चाळींचे भाडे कमी झाले नाही. त्यातून उद्भवलेला संप देशभर पसरला व संघराज्याचे सैन्य शहरात आले. डन यांचे वृत्तपत्र संपकऱ्यांच्या बाजूचे नव्हते. तरीही डूलीने उपासमारीत सापडलेल्या बायकामुलांबद्दल आणि मालकाच्या बेपर्वाईबद्दल जे सांगितले ते त्या वृत्तपत्राच्या पानांवर छापले गेले. हा लेख जुळवून झाल्यावर छापखान्यातील कंपोझिटरांनी आपल्या पेट्यांवर ठोके देऊन आणि टाळ्या वाजवून लेखकाचे स्वागत केले, अशी हकीकत नोंदलेली आहे. लेखकाला मिळालेल्या पुढील सर्व मानसन्मानांत या दादेची सर कशालाच नाही.

या पाच वर्षांतील लेख एकसुरी नाहीत. चर्चच्या जत्रेतील सोडती, वॉर्डातील निवडणुकीची मारामारी, वरातीची मिरवणूक, मुलीसाठी विकत घेतलेला पियानो आणि त्यावरून आईबापांत लागलेले भांडण असे निव्वळ गमतीचे विषयही त्यांत आहेत. परंतु हसता हसता वाचक अचानक थबकतो असे लेख अधिक आहेत. एका लेखात मानी वृद्ध विधवा फार उशिरा मदतसंस्थेकडे जाते. संस्था चौकशी करते, उपदेश करते, आणि मदत घरी पोहोचण्याआधी ती मरून जाते. दुसऱ्यात कडाक्याच्या थंडीत रेल्वेच्या आवारातून कोळसा वेचणाऱ्या पोलिश स्थलांतरिताला पहारेकरी गोळी घालतो. आगीत उडी घेणारा अग्निशामक दलाचा जवान, सज्जन आईबापांच्या पोटी आलेला आणि पोलिसांनी घरातून धरून नेलेला गुन्हेगार मुलगा, एकामागून एक मुले गमावलेला अबोल बाप शॉनेसी या व्यक्तिरेखाही याच काळातल्या. यांपैकी एकाही लेखाच्या शेवटी डूली तात्पर्य सांगत नाही. बहुधा तो हेनेसीला घरी जायला सांगतो, दिवा मालवतो किंवा विषय बदलतो.

अमेरिकन साहित्यात शहरातील गरीब स्थलांतरितांकडे तोवर बाहेरून, दयेने किंवा भीतीने, पाहिले जात असे. डूली त्यांच्यापैकीच एक आहे. तो त्यांचे दोष जाणतो: त्यांचा खोटा मोठेपणा, आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी दर १५ ऑगस्टच्या सहलीत होणारी भाषणबाजी, सुस्थितीत आलेल्यांची नव्याने आलेल्यांविषयीची तुच्छता. तो त्यांची टर उडवतो, परंतु परक्याने उडवलेली त्याला खपत नाही. शिवाय हे लेख लिहिले जात होते तेव्हा ब्रिजपोर्टचे आयरिश हळूहळू तेथून निघून जात होते आणि पोलिश व बोहेमियन कुटुंबे त्यांच्या घरांत येत होती. डूली आपल्या वस्तीचा उतरता काळ पाहतो आहे, याची जाणीव या लेखांना एक खिन्न छटा देते.

राष्ट्रीय कीर्ती

१ मे १८९८ रोजी मनिलाच्या उपसागरात अमेरिकन नौदलाच्या ड्युई या सेनापतीने स्पेनच्या आरमाराचा पराभव केला. डन त्या वेळी ‘शिकागो जर्नल’मध्ये आले होते. ड्युई आणि डूली या नावांच्या उच्चारसाम्याचा फायदा घेऊन डूलीने या विजयी वीराला आपला चुलतभाऊ ठरवून टाकले. हा लेख शंभराहून अधिक वृत्तपत्रांनी उद्धृत केला आणि शिकागोबाहेर फारसे ठाऊक नसलेले पात्र काही आठवड्यांत देशाच्या मालकीचे झाले. त्याच वर्षी बॉस्टनच्या प्रकाशनसंस्थेने ‘मिस्टर डूली इन पीस अँड इन वॉर’ हे पहिले पुस्तक काढले. त्यावर लेखकाचे पूर्ण नावही नव्हते. प्रस्तावनेखाली केवळ आद्याक्षरे होती. इंग्लंडमधील प्रकाशकांनी परवानगी न घेता ते छापले. डन यांनी त्याचा सूड आपल्या पद्धतीने घेतला: दुसरे पुस्तक त्यांनी या आगंतुक प्रकाशकांनाच, त्यांच्या नावांनिशी, अर्पण केले.

फिलिपाइन्स ताब्यात घेण्यावरून अमेरिकेत वाद पेटला तेव्हा डूलीने साम्राज्यवादाच्या उदात्त भाषेची जी चिरफाड केली ती त्या काळातील कोणत्याही भाषणापेक्षा अधिक वाचली गेली. गंमत अशी की ज्यांच्यावर ती टीका होती तेही त्याचे वाचक होते. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत अर्थमंत्री लायमन गेज हे डूलीचे लेख मोठ्याने वाचून दाखवत असत. थिओडोर रूझवेल्ट यांनी क्यूबातील लढाईवर लिहिलेल्या पुस्तकाचे डन यांनी १८९९ मध्ये परीक्षण केले. या पुस्तकात लेखकाखेरीज युद्धात दुसरे कोणी दिसतच नाही. तेव्हा त्याचे नाव क्यूबात एकटाच अशा अर्थाचे ठेवावे, अशी सूचना डूलीने त्यात केली. रूझवेल्ट यांनी पत्र पाठवून आपल्या घरी या परीक्षणाने सर्वांची करमणूक झाल्याचे कळवले आणि भेटीचे आमंत्रण दिले. त्यातून निर्माण झालेली मैत्री रूझवेल्ट अध्यक्ष झाल्यावरही टिकली. टीकाही थांबली नाही.

१९०१ साली नव्या वसाहतींतील लोकांना अमेरिकन राज्यघटना लागू होते की नाही या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिले. त्यावर लिहिताना डूलीने न्यायालय निवडणुकांच्या निकालांकडे डोळा ठेवून चालते असा शेरा मारला. अमेरिकेतील वकिलांच्या व न्यायशास्त्राच्या लेखनात हा शेरा आजही नेहमी आढळतो. वृत्तपत्रांविषयीच्या त्यांच्या आणखी एका वाक्याच्या नशिबी विचित्र भोग आला. वृत्तपत्रे आता जन्मापासून दफनापर्यंत माणसाच्या सर्वच व्यवहारांत लुडबुड करू लागली आहेत, हे सांगताना डूली एक लांबलचक उपहासात्मक यादी देतो. दुःखितांना दिलासा देणे आणि सुखवस्तूंना त्रास देणे हे त्या यादीतील एक कलम आहे. तेवढेच कलम सुटे होऊन पत्रकारितेचे ब्रीद म्हणून मिरवू लागले. मूळ लेख वृत्तपत्रांच्या गर्वावरचा आहे, हे ते मिरवणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

न्यू यॉर्क आणि विवाह

१९०० मध्ये डन न्यू यॉर्कला गेले. डूलीचे लेख आता एकाच वेळी देशभरातील वृत्तपत्रांत व ‘हार्पर्स’, ‘कॉलियर्स’ यांसारख्या साप्ताहिकांत प्रसिद्ध होत. १९०२ मध्ये त्यांचा विवाह मार्गारेट ॲबट यांच्याशी झाला. मार्गारेट या मेरी आइव्ह्ज ॲबट यांच्या कन्या. त्यांचा जन्म १८७८ मध्ये कलकत्त्यात झाला होता. वडील तेथे व्यापारानिमित्त होते. १९०० साली कलाशिक्षणासाठी पॅरिसला असताना त्यांनी स्त्रियांच्या गोल्फ स्पर्धेत भाग घेतला आणि ९ छिद्रांच्या खेळात ४७ फटक्यांत पहिला क्रमांक पटकावला. बक्षीस म्हणून चिनी मातीचे एक पात्र मिळाले. ती स्पर्धा ऑलिंपिकचा भाग मानली गेली आणि त्यामुळे मार्गारेट या ऑलिंपिक विजेत्या ठरलेल्या पहिल्या अमेरिकन स्त्री होत, हे त्यांना १९५५ मध्ये मृत्यू येईपर्यंत कळले नाही. त्याच स्पर्धेत त्यांच्या आईनेही भाग घेतला होता.

या दांपत्याला चार मुले झाली. त्यांपैकी फिलिप डन हे हॉलिवूडमधील नामांकित पटकथाकार होते. ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’ (१९४१) या चित्रपटाची पटकथा त्यांची.

१९०६ मध्ये लिंकन स्टेफन्स, आयडा टार्बेल, रे स्टॅनर्ड बेकर या शोधपत्रकारांनी ‘अमेरिकन मॅगझिन’ चालवायला घेतले त्यात डनही भागीदार होते. पुढे काही काळ ते ‘कॉलियर्स’चे संपादक होते. मात्र लेखन हे त्यांना दिवसेंदिवस जड जाऊ लागले. मुळात ते सावकाश व कष्टाने लिहीत. आठवड्याला एक लेख देण्याचा करार पाळताना त्यांची दमछाक होई. श्रीमंत मित्रांची संगत, क्लबातील गप्पा, गोल्फ यांत वेळ जाई. हेनेसीच्या पगाराबद्दल लिहिणारा लेखक आता कोट्यधीशांच्या पंगतीत बसत होता, आणि या विसंगतीचे भान त्यांना स्वतःला नसेल असे मानणे कठीण आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डूली जवळजवळ गप्प झाला. आठवे व शेवटचे पुस्तक १९१९ मध्ये आले. विसाव्या दशकात थोडे लेख झाले, पण जुनी रया परतली नाही. १९२७ मध्ये पेन व्हिटनी या धनाढ्य मित्राने मृत्युपत्राद्वारे त्यांना ५ लाख डॉलर ठेवले आणि उदरनिर्वाहासाठी लिहिण्याची गरज संपली. त्यानंतर त्यांनी जवळपास काहीच लिहिले नाही. अखेरच्या दिवसांत मुलगा फिलिप याच्या आग्रहावरून आठवणी लिहायला घेतल्या, त्या अपूर्ण राहिल्या. घशाच्या कर्करोगाने २४ एप्रिल १९३६ रोजी न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

संग्रह आणि पुनर्मूल्यमापन

डन यांचे लेखन आजच्या वाचकापर्यंत पोहोचण्यात दोन अडचणी आहेत. पहिली बोलीची. दुसरी अडचण विषयांची आहे: जकातीचे दर, विस्मृत सिनेटर, कोणे एके काळी गाजलेले खटले. राष्ट्रीय कीर्ती मिळवून देणाऱ्या लेखांपैकी पुष्कळांना आज तळटिपांचा आधार लागतो. त्यांतील सुट्या वाक्यांची चमक कायम आहे, पण पूर्ण लेख वाचताना ती चमक टिपांच्या गर्दीत हरवते. आणखी एक गोष्ट नमूद करायला हवी. कृष्णवर्णीय, चिनी आणि इतर समाजांसाठी डूली त्या काळचे अपमानकारक शब्द बेधडक वापरतो. पात्र म्हणून ते त्याच्या तोंडी स्वाभाविक असले तरी आजच्या वाचकाला ते टोचतात. वर्णद्वेष्ट्यांची ढोंगे उघडी पाडणारे लेखही याच डूलीने सांगितले आहेत, पण त्यामुळे ते शब्द सौम्य होत नाहीत.

पुस्तकांसाठी निवड करताना डन यांनी स्थानिक संदर्भांचे लेख बहुतांशी वगळले. पहिल्या दोन पुस्तकांत आर्ची रोडवरचे काही उत्तम लेख आले. त्यानंतर ती वस्ती पुस्तकांतून जवळजवळ नाहीशी झाली आणि गुत्ता केवळ बोलण्याची जागा उरला. बॉस्टन किंवा लंडनच्या वाचकाला शिकागोतील एका वॉर्डाच्या कथांत काय रस असणार, हा प्रकाशकी विचार त्यामागे असावा. दैनिकात लिहिणाऱ्याने स्वतःच्या लेखनाला शिळ्या वर्तमानपत्राच्या मोलाचे समजावे, ही त्या व्यवसायाची जुनीच खोड आहे. परिणाम असा झाला की डन यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षे त्यांचा लौकिक त्यांच्या निम्म्याच कर्तृत्वावर ठरत राहिला.

एल्मर एलिस या इतिहासकाराने १९४१ मध्ये ‘मिस्टर डूलीज अमेरिका’ हे चरित्र लिहिले. १९६३ मध्ये फिलिप डन यांनी वडिलांच्या अपूर्ण आठवणी ‘मिस्टर डूली रिमेंबर्स’ या नावाने, स्वतःच्या टिपणांसह, प्रसिद्ध केल्या. परंतु खरा पालट १९७० नंतरच्या दशकात झाला. चार्ल्स फॅनिंग या अभ्यासकाने ‘इव्हनिंग पोस्ट’चे जुने अंक धुंडाळून पुस्तकांबाहेर राहिलेले शिकागोचे लेख गोळा केले. त्यांचे संकलन १९७६ मध्ये व त्यांवरील विवेचक ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या वर्षी बार्बरा शाफ यांचे ‘मिस्टर डूलीज शिकागो’ हेही आले. या पुस्तकांमुळे राजकीय विनोदकार म्हणून ओळखले जाणारे डन कथालेखकांच्या पंक्तीत येऊन बसले. अमेरिकन आयरिश साहित्याचे अभ्यासक शिकागोच्याच जेम्स टी. फॅरेल यांच्या कादंबऱ्यांची पूर्वपीठिका आता या लेखांत पाहतात.

शिकागोच्या वृत्तपत्रसृष्टीत डूलीची परंपराही चालू राहिली. १९७२ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळवणाऱ्या माइक रॉयको या सदरलेखकाने स्लॅट्स ग्रोबनिक हे काल्पनिक पोलिश-अमेरिकन पात्र उभे केले. वस्तीतला मित्र, गुत्ता, शहराचे राजकारण ही त्याची सामग्री डूलीच्या घराण्याची आहे. रॉयको यांनी ज्यांच्यावर सर्वाधिक लिहिले ते महापौर रिचर्ड डेली यांचा जन्म ब्रिजपोर्टमध्येच झाला आणि महापौर झाल्यावरही त्यांचे घर तेथेच होते.

फॅनिंग यांचे संकलन १९८७ मध्ये पुन्हा छापले गेले. त्या आवृत्तीच्या उपशीर्षकात या लेखांना एकोणिसाव्या शतकातील एका स्थलांतरित समाजाचे आत्मचरित्र म्हटले आहे.